नर निवडताना नुसता आकार बघू नका

संपादक साहेब नमस्कार, मेंढीपालनाचा विषय निघाला की सगळे चारा खुराक यावरच बोलतात, पैदाशीवर फार कमी बोललं जातं म्हणून हे पत्र. मेंढी एका वेताला एक-दोन कोकरं देते पण एकच नर कितीतरी कोकरांचा बाप असतो, तो चुकला की अख्खी पिढी मागं पडते. अन् दिसायला मोठा म्हणून नर ठेवणं काही खरं नाही, जुळ्यातलं कोकरू लहान दिसतं पण गुण चांगले असू शकतात, त्यासाठी जन्मतारीख, एकटं का जुळं, दूध सोडतानाचं वजन वहीत लिहिलेलं पाहिजेच.

दुसरं मटणाच्या क्वालिटीचं. अमेरिकेत 1983 साली जन्मलेल्या डॉर्सेट जातीच्या एका मेंढ्यात कॅलिपीज नावाचं म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, सापडलं, त्याच्या वंशात मागच्या भागाला मांस भरपूर, चरबी कमी, पण पाठीचं मटण एवढं चिवट की खाणाऱ्याला नकोसं. म्हणजे किलो मोजून भागत नाही हो! आता जिवंत जनावरावर अल्ट्रासाउंड लावून पाठीचा स्नायू आणि चरबीचा थर मोजता येतो, ही सोय साध्या मेंढपाळापर्यंत पोचायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

आणि हो, तोच नर वर्षानुवर्षे ठेवून त्याच्याच लेकींवर सोडायचं प्लीज थांबवा, कोकरं कमजोर निघतात, मरतुक वाढते, दोनेक वर्षांनी नर बदला.

– एक वाचक