सूचना : ज्येष्ठ सभासदांची प्रकट मुलाखत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागू झाला त्या १९३० साली जन्मलेले आणि हातमाग, गिरणी व यंत्रमाग या तिन्हींवर राबलेले आपले सर्वांत ज्येष्ठ सभासद येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता मंडळाच्या वाचनालयात मुलाखत देणार आहेत.

१२ जानेवारी १९३१ रोजी स्वातंत्र्यलढ्यातील सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली, तेव्हा हे सभासद तान्हे होते. त्या घटनेच्या आठवणी त्यांना विचारू नयेत. १९४८ साली हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईसाठी सोलापूरहून निघालेल्या फौजा, १९७२ चा दुष्काळ आणि पुढे एकेक करून बंद पडलेल्या गिरण्या मात्र त्यांनी स्वतः पाहिल्या आहेत.

- प्रश्न शुक्रवारपर्यंत चिटणिसांकडे लेखी द्यावेत.
- त्यांना कमी ऐकू येते, म्हणून एका वेळी एकानेच बोलावे.