झटके थांबले, तरी चेहरे आठवत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फिट येणं बंद झालं की अपस्मार सुटला, असं घरचे धरून चालतात आणि तपासणीतही पुष्कळदा तेवढंच विचारलं जातं. माझे झटके गोळ्यांनी आटोक्यात येऊन बराच काळ लोटला. मी ग्रंथालयात काम करते. सभासदाने क्रमांक सांगितला की त्यांनी मागे कोणती पुस्तकं नेली ते मी न बघता सांगू शकते. पण तेच गृहस्थ तासाभराने जिन्यात भेटले तर ओळख न देता पुढे जाते. ‘फार भाव खाते’ हे शब्द मी पाठीमागेही ऐकलेत आणि तोंडावरही.

कारण माझ्या मेंदूत आहे. माझा अपस्मार उजव्या टेम्पोरल लोबमधून, म्हणजे कानशिलाच्या आतल्या भागातून सुरू होतो. तिथे खोलवर हिप्पोकॅम्पस असतो. नवं पाहिलेलं, ऐकलेलं टिकाऊ आठवणीत जातं ते त्याच्यामुळे. या प्रकारच्या अपस्मारात अनेकांचा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला आढळतो. माझ्या एमआरआयमध्ये उजवीकडचा तसाच दिसला. डाव्या बाजूला बिघाड असेल तर बहुधा शब्द निसटतात, उजवीकडे असेल तर चेहरे, आकृत्या, जागा. मॉन्ट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांच्या संशोधनातून हा फरक पुढे आला. अर्थात उजव्या बाजूचं गणित तितकं सरळ नाही, कारण पाहिलेल्या गोष्टीला आपण मनातल्या मनात नाव देतो आणि मग शब्दांची स्मृती मदतीला येते.

मिल्नर यांनी अभ्यासलेले हेन्री मोलेसन अनेकांना ठाऊक असतील. अपस्मार आवरण्यासाठी 1953 मध्ये त्यांच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण त्यानंतर वर्षानुवर्षं भेटणाऱ्या मिल्नरही त्यांना दर वेळी नव्याच वाटत. आरशात बघून चांदणी गिरवायला मात्र त्यांचा हात शिकला. आपण हे आधी केलंय याचा त्यांना पत्ताच नसे. स्मृती एकसंध नसते, हे या माणसामुळे जगाला कळलं. त्यांनी मोजलेली किंमत आठवली की मला आजही गलबलून येतं.

माझी स्मृतिचाचणी फार उशिरा झाली. चौकोन, तिरप्या रेषा, ठिपके असलेलं वर्तुळ अशी एक गुंतागुंतीची आकृती समोर ठेवली होती. बघून काढली तेव्हा एक रेषही चुकली नाही. मग मूळ चित्र उचललं, मध्ये दुसरीच कामं दिली आणि एकदम कोरा कागद पुढे आला, आता आठवून काढा. बाहेरचा चौकोन उमटला, एक तिरपी रेष आली. आत काय होतं, ते काही केल्या दिसेना. ऐकवलेले शब्द मात्र जवळजवळ सगळे सांगितले.

त्या दिवसापासून मी चेहरे शब्दांत बांधते: डाव्या भुवईत खाच, कानाची पाळी चिकटलेली, हसताना उजवा गाल आधी हलतो. याने निम्मी माणसं तरी ओळखू येतात.

अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करायची असेल तर आधी अशा चाचण्या करतातच. माझं म्हणणं आहे की निव्वळ गोळ्यांवर असलेल्यांचीही निदानाच्या वेळी एकदा चाचणी व्हावी, आणि पुढे अधूनमधून. सुप्त झटके, औषधं, खचलेलं मन यांनीही स्मृती ढासळते. त्यातलं काही सुधारता येतं, पण त्यासाठी आधी कुणी तरी विचारायला हवं. वर्गातली आकृती वहीत उतरत नाही म्हणून बोलणी खाणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे फार आधी व्हायला हवं.

आणि ओळखीच्यांना विनंती. भेटलात की आधी नाव सांगा. आवाज आणि नाव मिळालं की पुढचं सगळं मला आठवतं.

आपली,
एक ग्रंथपाल