चाऱ्याला स्फुरद (फॉस्फरस) कोणत्या खतातून द्यावे?

संपादक महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर दुकानात खत मागितले की आम्हा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील दूध उत्पादकांच्या हाती चाऱ्यासाठीही बहुधा डीएपीच (डाय-अमोनियम फॉस्फेट) पडते, आणि पोत्यावरचा स्फुरदाच्या टक्केवारीचा 46 हा आकडा पाहून आम्हीही ते निमूटपणे घरी आणतो. गवत आणि शेंगावर्गीय चारा एकत्र लावला असेल, तर ही निवड चुकते, असे माझे मत आहे.

डीएपीच्या पन्नास किलोंच्या पोत्यात 23 किलो स्फुरद आणि 9 किलो नत्र (नायट्रोजन) असते, गंधक नसते. तेवढ्याच स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेटची जवळजवळ तीन पोती लागतात व हमालीही वाढते, हे मान्य. परंतु त्यांतून सोळाएक किलो गंधकही मिळते, जे आपल्या मुसळधार पावसात जमिनीतून सहज झिरपून जाते आणि ज्यावाचून चवळी किंवा स्टायलो या शेंगावर्गीय चाऱ्याच्या मुळांवरील, हवेतील नत्र धरणाऱ्या गाठी नीट काम करीत नाहीत. उलट डीएपीतील नत्रावर नेपियर गवत असे फोफावते की खालचा शेंगावर्गीय चारा सावलीतच मरतो. माझ्या माडांखालच्या तुकड्यात गेल्या वर्षी नेमके हेच झाले.

तिसरा पर्याय रॉक फॉस्फेटचा, म्हणजे दळलेल्या फॉस्फेट खडकाचा. आपल्या जांभ्या मातीतील लोह व ॲल्युमिनियम विद्राव्य स्फुरदाला लवकर जखडून टाकतात, तर हे खत त्याच आम्लतेत हळूहळू विरघळत जाते. न्यूझीलंडमध्ये क्लोव्हर आणि रायगवताच्या कुरणांसाठी असे खत मातीचा सामू (pH) 6 पेक्षा कमी व पाऊस 800 मिलिमीटरहून अधिक असेल तेथे सुचवले जाते; या दोन्ही अटी गोव्यात बहुतेक ठिकाणी पूर्ण होतात. मात्र तेथे वापरतात तो मऊ, लवकर विरघळणारा खडक असतो. आपल्याकडचा, उत्तराखंडातील मसुरीचा खडक तितका तत्पर नाही, म्हणून पहिल्या वर्षी त्यावर विसंबू नये. बहुवार्षिक नेपियरचे ठोंब लावताना तो शेणखतात मिसळून सरीत द्यावा आणि शेंगावर्गीय ओळींना सुपर फॉस्फेट द्यावे, हे मला सोयीचे वाटते. त्याच हंगामात आम्लता घटवणारा चुना टाकला, तर रॉक फॉस्फेटचे पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

म्हणून विक्रेत्यांनी मे महिन्यातच ही दोन्ही खते ठेवावीत आणि चारा योजनांच्या माहितीपत्रकांत मातीच्या सामूनुसार खत सुचवले जावे, अशी विनंती आहे.

— एक दूध उत्पादक, सत्तरी