नांदूर मध्यमेश्वरमधल्या जाळ्यांबद्दल मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आपल्या माणसांनी आम्हां पक्षीमित्रांना नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या काठावर शब्द दिला होता की थंडीतले पाहुणे परत जाईपर्यंत अभयारण्याच्या पाण्यात एकही जाळं राहणार नाही. परवाच्या रविवारी चापडगावच्या बाजूला त्याच पाण्यातून मी तलवार बदकाचा एक नर बाहेर काढला. चॉकलेटी डोकं, मानेवरून छातीकडे उतरलेली पांढरी पट्टी, आणि ती लांब शेपटी चिखलात मोडलेली. जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, पंखाच्या सांध्यात इतका रुतला होता की नेलकटरने एकेक पीळ तोडावा लागला. सुटला आणि माझ्या मांडीवरच गेला. पार उत्तरेकडून आला होता तो!

आपल्या माणसांना फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "आज माणूस नाही, उद्या बघू." मृत पक्षी पिशवीत घेऊन मी काठावर उभी होते. त्या दिवसापासून धड झोप नाही. घरचे म्हणतात, आता जाणं बंद कर. मी का बंद करू?

गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, गाळ साचत गेला आणि उथळ पाण्यात पक्ष्यांनी बस्तान मांडलं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. आणि १९७२चा वन्यजीव कायदा असताना तंगूस आत येतो कसा?

मासे धरणाऱ्यांवर माझा राग नाही. पोटासाठी उतरतात बिचारे. बंदीच्या महिन्यांत त्यांची चूल कशी पेटायची, हे ठरवणं सरकारचं काम होतं.

पण सरकार म्हणजे नेमकं कोण? पाणी एका खात्याचं, मासे दुसऱ्याचे, पक्षी तिसऱ्याचे, आणि नाशिकचं सांडपाणी कुणाचंच नाही. ते गोदावरीतून खाली येतं आणि त्यावर पानवेली फोफावते. शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की पातळी उतरते; ते ठरवताना पक्ष्यांच्या खात्याला कुणी विचारतं का, हे एकदा सांगा. २०२७च्या सिंहस्थासाठी गोदामाई स्वच्छ करण्याच्या घोषणा रोज ऐकतो. रामकुंडाच्या खाली, निफाड तालुक्यात वाहते ती कोण?

चक्रवाक, थापट्या, क्रौंच हे थंडीतले पाहुणे अजून इथेच आहेत. म्हणून या आठवड्यातच जाळी काढायला होडी उतरवा. स्थानिक मच्छीमारांनाच त्या कामाची मजुरी द्या आणि बंदीच्या काळातली त्यांची भरपाई जाहीर करा. तोंडी शब्द पुरे झाले. उत्तर सही-शिक्क्यानिशी पाठवा.

आपली,
नाशिकरोडची एक पक्षीमित्र