डार्विनचं झाड, नेरूळचा शिंपी

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, ऑस्ट्रेलियातल्या तुमच्या डार्विन शहरात बसस्टॉपजवळ आपल्या खिडकीबाहेरचंच झाड दिसलं आणि घसा दाटून आला. अगं, ते तिकडचंच आहे! उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी हे त्याचं मूळ गाव. आपण नुसतं ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतो. मुरमाड जमिनीतही भराभर वाढतं, म्हणून इकडे आणलं. मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पुरवतात, त्यामुळे निकस मातीतही त्याचं भागतं.

तुझा फोन झाल्यापासून मी त्याच्याकडे नीट बघते आहे. ती कोयत्यासारखी वाकडी पानं खरं तर पानं नाहीतच, चपटे झालेले देठ आहेत. कोवळ्या रोपाला बाभळीसारखी बारीक पानं येतात, पुढे ती बंद होतात आणि देठच रुंद होऊन पानाचं काम करतो.

आणि आपल्या ग्रिलमध्ये नेमकं उलटं झालंय. वांग्याच्या कुंडीत शिंपी पक्ष्याच्या जोडीने घर केलंय, पण बघणाऱ्याला पानच दिसतं. मादी चोचीने पानाच्या कडांना भोकं पाडते आणि कोळ्याच्या जाळ्याचे, कापसाचे धागे त्यातून ओवते. गाठ मारत नाही. बाहेर आलेलं टोक पिंजून फुलतं आणि टाका तिथेच अडकतो. भोकं इतकी बारीक, की पान हिरवंच राहतं. तुझ्या जुन्या उशीतला कापूस मी कठड्यावर ठेवला होता, तो तिने चोचीचोचीने आत नेला. मी हातातलं काम टाकून बघत बसले. जेमतेम दहा ग्रॅमचा जीव, पण आवाज समोरच्या बिल्डिंगपर्यंत जातो.

खरं सांगू, ते झाड मला कधी आपलं वाटलं नव्हतं. खाली सुक्या पानांचा खच, वादळात फांद्या मोडायच्या. शिंपी मात्र लहानपणापासून ओळखीचा. पण झाडाच्या पिवळ्या तुऱ्यांत किडे टिपताना हाच शिंपी मी कितीदा पाहिलाय. ती चिवट पानं शिवायला तेवढा गेला नाही.

त्या झाडाच्या शेंगा वाळल्या की कानासारख्या पिळवटतात आणि काळ्या बिया केशरी दोऱ्याला लोंबतात. तिकडे त्या खायला कोण येतं, बघून कळव.

इथे तीन अंडी आहेत. बाबा कुंडीला पाणी घालताना श्वास रोखून धरतात. पिल्लं निघाली की व्हिडिओ पाठवते.

तुझी,
आई