बोटीचं तिकीट आणि बोटीवरचं बिल

नाशिक
१२ फेब्रुवारी

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी बँकेत होतो, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. पण "क्रूझ हे आपल्यासारख्या पेन्शनरांचं काम नव्हे" हे तुझं वाक्य डोक्यातून जाईना. ते मला मुळीच मान्य नाही. वहिनींना समुद्रातून जायचंय ना, मग त्यांना न्यायलाच हवं. सुधा आणि मी मुंबईहून गोव्याला बोटीने जाऊन आलो, पुढे सिंगापूरहून मलेशियाची फेरीही केली. त्यात जे समजलं ते सविस्तर लिहितो.

आधी हा धंदा चालतो कसा ते ध्यानात घे. बोट एकदा धक्का सोडून निघाली की रिकाम्या खोलीचा कंपनीला छदामही मिळत नाही. म्हणून खोल्या भरण्यासाठी भाडं उतरवतात आणि कमाई आतमध्ये करतात. दारू, कॅसिनो, स्पा, दुकानं, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं त्यासाठीच असतं. आता सांग, यातलं आपल्याला काय हवंय? तू सुपारीच्या खांडालाही हात लावत नाहीस. ज्याला हे नको, त्याला बोट खरोखर स्वस्तात पडते. जेवण, नाश्ता, चहा, रात्रीचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव, डेकवर खुर्ची टाकून दिवसभर समुद्र बघणं हे सगळं भाड्यात येतं. म्हणून मी म्हणतो की ही सहल आपल्या वयाच्या आणि आपल्या सवयींच्या माणसांसाठीच आहे.

फक्त जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नकोस. त्यात बंदराचं शुल्क, जीएसटी आणि ग्रॅच्युइटी बहुतेक वेळा धरलेली नसते. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरवर्गाची बक्षिशी, पण ती माणशी आणि रोजाप्रमाणे ठरलेली असते आणि बिलात आपोआप चढते. परदेशी कंपन्यांच्या बोटींवर ती साधारण १६ ते २० डॉलर असते. १६ जरी धरले तरी दोघांचे चार रात्रींचे १२८ डॉलर झाले, म्हणजे दहा हजार रुपयांच्या वर. एजंटाला सांगायचं, "सगळं धरून दोघांचं किती, ते लिहून द्या." त्या आकड्याला आधी रात्रींनी आणि मग दोनाने भागायचं. एका माणसाची एक रात्र केवढ्याला पडते हे कळलं की दोन बोटींची तुलना होते, एरवी होत नाही. मी इथे कॉलेज रोडवरच्या दोन एजंटांकडून असे कागद घेतले होते. ज्याचं भाडं वरवर कमी दिसत होतं, त्याचीच बोट शेवटी महाग निघाली.

खोलीबद्दल माझं मत पक्कं आहे. बाल्कनीची घेऊ नकोस. आतली, बिनखिडकीची खोली सगळ्यात स्वस्त असते आणि डेक तर सगळ्यांचाच असतो. खोलीत आपण झोपायला आणि आंघोळीला जाणार. दिवा मालवला की तिथे मिट्ट काळोख होतो, डोळ्यांपुढे धरलेला हातही दिसत नाही. आमच्या बोटीत टीव्हीच्या एका चॅनलवर बोटीच्या नाकाडावरच्या कॅमेऱ्याचं चित्र चोवीस तास यायचं. सुधा ते आवाज बंद करून लावून ठेवायची, म्हणजे रात्री उठताना उजेड आणि पहाटे फटफटलं की तेही कळायचं. खोली मधल्या भागात, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ माग. तिथे हेलकावे कमी लागतात आणि वहिनींच्या गुडघ्यांना लांबलचक बोळ तुडवावे लागत नाहीत. "कंपनी देईल ती खोली" या प्रकारात थोडे पैसे वाचतात, पण तुम्हा दोघांसाठी तो नको. एक मात्र खटकतं. भाडं दोघांच्या हिशेबाने असतं, त्यामुळे एकटं माणूस गेलं तर त्याला बहुधा दुसऱ्याचं भाडंही भरावं लागतं. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघात कितीतरी जणी आता एकट्या आहेत. त्यांनी जोडीने खोली घ्यावी, असं मी सगळ्यांना सांगत असतो. आठ-दहा खोल्या एकदम घेतल्या तर एजंट काही ना काही सवलत काढून देतो, तीही मागून घ्यावी.

आपल्या हातात खरा हुकमाचा पत्ता म्हणजे मोकळा वेळ. नोकरदारांना शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, मेची सुट्टी याशिवाय जाता येत नाही आणि भाडं नेमकं तेव्हाच चढतं. आपण मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत आणि आठवड्याच्या मधल्या वारी निघायचं. पावसाळ्यात पश्चिम किनारा खवळलेला असतो, तेव्हाचा विचारच नको.

पहिल्यांदा मुंबई-गोवाच करा. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची 'एम्प्रेस' २०२१ पासून मुंबईहून चालते. जहाज १९९० सालचं, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे होतं. देशातल्या देशात असल्याने पासपोर्ट, व्हिसा काही लागत नाही आणि हिशेब रुपयांत होतो. शाकाहारी, जैन जेवण मिळतं. गोव्यात बोट मुरगाव बंदराला लागते. तिथून पणजी तीसेक किलोमीटर आहे. टॅक्सी चार जणांत केली तर परवडते, जवळच्या वास्कोहून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसही आहेत. लक्षद्वीपची फेरी सुंदर असते म्हणतात, पण तिथे बोट खोल पाण्यात उभी राहते आणि लहान होडीत उतरून बेटावर जावं लागतं. ते वहिनींना जमेल का, हे आधी बघ.

आता आतला खर्च. बोटीवर रोख चालत नाही. चढताना तुमचं कार्ड खात्याला जोडतात आणि मग खोलीच्या किल्लीवरच सगळं घेता येतं. खिशातून नोट जात नसल्याने खर्च झालेला कळतच नाही, तिथेच माणसं फसतात. खोलीत टेबलावर पाण्याची बाटली ठेवलेली असते, तिच्या गळ्यात बारीक अक्षरात किमतीची चिठ्ठी अडकवलेली. तिला हात लावायचा नाही. घरची बाटली न्यायची आणि जेवणाच्या हॉलमध्ये भरून घ्यायची. तिथला चहा-कॉफीही फुकट असतो, कॉफीच्या दुकानातली मात्र विकत. पहिल्याच दिवशी हसतमुख पोरं ड्रिंक्सचं पॅकेज घेऊन मागे लागतात. ते रोजाप्रमाणे आणि सगळ्या दिवसांचं घ्यावं लागतं. दोन लिंबूसरबतांसाठी ते कशाला? सरळ नाही म्हणायचं. खोलीतल्या टीव्हीवर रोज रात्री बिल बघायचं. काही चुकीचं चढलं असेल तर त्याच रात्री काउंटरवर जायचं, कारण उतरायच्या सकाळी तिथे भली मोठी रांग लागते. खात्याला क्रेडिट कार्डच जोड. डेबिट किंवा फॉरेक्स (परकीय चलन भरलेल्या) कार्डावर ते काही रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला दिवस लागतात. बिल डॉलरमध्ये असेल तर "रुपयांत करू का?" असं विचारतील. नाही म्हण. त्यांचा दर नेहमी महाग असतो.

फोनचं तर आवर्जून सांगतो. बंदर मागे पडलं की बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क फोन आपोआप पकडतो. आपला नेहमीचा रोमिंग पॅक तिथे बहुधा लागू नसतो आणि बिल हजारोंच्या घरात जातं. निघतानाच फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. मुलांना सांगून ठेव, बंदरात पोहोचलो की फोन करू.

सिंगापूरकडची फेरी पुढच्या वर्षी बघू. तिथे बोट परत सिंगापूरलाच येते, म्हणजे व्हिसा दोनदा प्रवेशाचा आहे ना ते तपासावं लागतं. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापतात, पण तो रिटर्न भरताना वळता होतो, तेव्हा पावती जपून ठेवायची. बंदरावर उतरून स्वतःचं स्वतः फिरलं तर बोटीच्या सहलीपेक्षा निम्म्यात होतं. फक्त परत यायची वेळ पाळायची. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, एकट्यादुकट्यासाठी थांबत नाही. म्हणून आम्ही मलेशियातल्या पेनांगला जेवणाच्या वेळेपर्यंतच फिरलो आणि आरामात परतलो.

एका ठिकाणी मात्र हात आखडता घेऊ नकोस, तो म्हणजे प्रवास विमा. तुझं बीपी आणि वहिनींची शुगर फॉर्मवर स्पष्ट लिही. लपवलं तर ऐन वेळी क्लेम नाकारतात. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याची फी आधी आपल्या खिशातून जाते आणि माणसाला मधूनच किनाऱ्यावर हलवायची वेळ आली तर तो खर्च आपल्या आवाक्यातला नसतो. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते. मळमळीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. किटली आणि इस्त्री चालत नाही, काढून ठेवतात.

तुझं आजोळ वेंगुर्ल्याचं. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने जायचास, डेकवर पथारी टाकून, ते तू मला कितीदा सांगितलंयस. बोट बंदराबाहेर पडली, प्राँग्जचं दीपगृह मागे गेलं आणि खारा वारा तोंडावर आला, तेव्हा मला तुझीच आठवण झाली. सुधा म्हणालीसुद्धा, "वसंतभावजी इथे हवे होते." वहिनींची हौस म्हणतोस, पण वसंता, तुलाही जायचंय हे मला ठाऊक आहे.

तर असं कर. तुम्ही दोघं आदल्या दिवशी जळगावहून इकडे या, रात्री मुक्काम आमच्याकडे. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने निघालो की दुपारच्या आत सीएसएमटी, तिथून बोट सुटते तो बॅलार्ड पिअरचा धक्का टॅक्सीने जवळच आहे. आपण चौघं असलो की टॅक्सीचा खर्चही वाटला जाईल. मार्चमधल्या मधल्या वारांचे दर मी एजंटाकडून लेखी मागवले आहेत, आले की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तोवर वहिनींच्या गुडघ्याबद्दल डॉक्टर काय म्हणतात ते विचारून ठेव आणि दोघांची आधार कार्डं, त्यावरची नावं आणि जन्मतारखा एकदा नीट तपास. वहिनींच्या कार्डावर अजून माहेरचं नाव असेल तर तिकिटावरही तेच घालावं लागेल, म्हणून तेवढं मला आधी कळव.

वहिनींना सप्रेम नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप