बाबू, पाठ आगीकडे ठेवजो

चि. बाबूस अनेक आशीर्वाद,

रविवारी अमेरिकेतून फोनवर तू म्हणाला की आई, लोक विचारतात फायर ब्रिगेडमध्ये जातो म्हणजे आग विझवतो का, आणि मग मला सांगावं लागतं की नाही, मी फक्त रस्त्यावर ते शंकूसारखे कोन लावतो नि गाड्या वळवतो. तुझं ते फक्त माझ्या डोक्यातून जाऊन नाही राहिलं. फोनवर तुझ्या बाबांचंच बोलणं चाललं होतं, मला काही नीट सांगता आलं नाही, म्हणून आता बसून टाइप करून राहिली. मोठं होईल. सुट्टीच्या दिवशी वाच पण पूर्ण वाच.

तुझ्या आईने पोलिसातली सारी नोकरी नागपूरच्या रस्त्यांवर उभं राहूनच काढली. व्हरायटी चौक, कॉटन मार्केट, मारबतीच्या दिवशी महाल-इतवारी, विजयादशमीला दीक्षाभूमीचा रस्ता, डिसेंबरात अधिवेशनाचा बंदोबस्त. आग लागली की बंबासोबत आम्हालाही पाठवायचे, हायवेवर ट्रक उलटला तरी पाठवायचे. तेव्हा या कामाबद्दल मला काय वाटतं ते मी तुला सांगू शकते, आणि मला वाटतं की आत पाइप धरून उभा असलेला माणूस घरी परत जातो तो बाहेर रस्ता धरून उभ्या असलेल्या माणसामुळे.

अपघातात पहिली धडक होऊन गेलेली असते, तिचं कोणी काही करू शकत नाही. दुसरी धडक मात्र थांबवता येते. जुलै २०२३ मधलं अहमदाबादचं आठवते का तुला? रात्री इस्कॉन पुलावर एक गाडी डंपरला मागून धडकली, लोक पाहायला मदत करायला जमा झाले, पोलीस आले, आणि थोड्या वेळाने मागून दुसरी कार भरधाव आली ती सरळ त्या गर्दीत घुसली. नऊ जण गेले. त्यात एक पोलीस होता आणि एक होमगार्ड. मी ते टीव्हीवर पाहिलं तेव्हा रात्रभर झोपली नाही, कारण आम्ही पण असेच उभे राहायचो, हायवेवर, अंधारात, उलटलेल्या ट्रकपाशी. पहिल्या अपघातापेक्षा दुसऱ्याने जास्त माणसं नेली. त्या पुलावर मागे दूरवर कोन लागलेले असते, दिवा हलवणारा एक माणूस उभा असता, तर काय झालं असतं हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. तू तो माणूस आहे बाबू. तू जिथं उभा राहतो ती जागा तीच आहे.

तुमच्या पेनसिल्व्हेनियात या कामासाठी फायर पोलीस म्हणून वेगळी माणसंच ठेवतात, त्यांना रीतसर शपथ देतात, रस्ता अडवायचा अधिकार देतात, हे मला फार आवडलं. आपल्याकडे हे काम ट्रॅफिकवाला वेळेवर पोचला तर तो करतो, नाही पोचला तर शेजारच्या पानठेल्यावरचं कोणीतरी पोट्टं करते, बिचारं अंगातला शर्ट काढून हलवत उभं राहते. हायवेवर ट्रक बंद पडला तर ड्रायव्हर मागे दगड मांडतो नि झाडाची फांदी ठेवतो. मन चांगलंच असते सगळ्यांचं, पण रात्री शंभरच्या स्पीडने येणाऱ्याला फांदी दिसते तेव्हा तो तिच्यावर चढलेला असतो. वरून ट्रक निघून जातो नि दगड तिथंच राहतात, मग पहाटे एखादा मोटरसायकलवाला त्यावर पडतो.

तू पाठवलेली ती ट्रेनिंगची फाइल मी तुझ्या मामेबहिणीला घेऊन बसून वाचली, चार तासांचा कोर्स आहे म्हणे तुमचा. मोठ्या रस्त्यावरची एक लेन बंद करायची तर कोनची तिरपी रांग किती लांब पाहिजे त्याचं गणित दिलं आहे त्यात, लेनची रुंदी फुटात गुणिले गाड्यांचा स्पीड मैलात, म्हणजे १२ फुटाची लेन नि ६० मैलाचा स्पीड तर ७२० फूट, जवळपास २२० मीटर. आधी मला हे खूपच वाटलं. मग आम्ही दोघींनी हिशोब केला, ६० मैलाने येणारी गाडी एका सेकंदात ८८ फूट येते. ड्रायव्हरने तीन सेकंद आगीकडे पाहिलं, आणि पाहतोच तो, सगळे पाहतात, तर अडीचशे फुटाच्या वर तो न पाहता आलेला असतो. तेव्हा ७२० फूट जास्त नाही. कधी कोणी म्हणालं की अरे एवढ्या दूर कशाला जातो, इथंच चार कोन टाक, तर ऐकू नको. आणि ते अपघातासाठीचे गुलाबी बोर्ड मला फार पटले, रस्त्याचं काम चालू असलं की नारिंगी आणि अपघात असला की गुलाबी, म्हणजे पाहणाऱ्याला वेगळं काही आहे हे लगेच कळते.

आता माझ्याकडचं सांगते, हे फाइलीत असेल नसेल.

पाठ आगीकडे ठेवजो आणि तोंड येणाऱ्या गाड्यांकडे. हे सोपं वाटते पण सगळ्यात कठीण हेच आहे. मागे काहीतरी फुटते, लोक ओरडतात, काच पडते, मान आपोआप वळते. माझी पण वळायची, हळूहळू सवय केली. आत काय चाललं आहे ते पाहायला तिथं तुझी दहा माणसं आहेत, येणाऱ्या गाडीला पाहायला तू एकटाच आहे. गाडी थांबते की नाही हे तिच्या पुढच्या चाकांवरून नि बॉनेटवरून समजते, ब्रेक दाबला की बॉनेट खाली झुकते. ते झुकलं नाही तर हात दाखवत बसायचं नाही, बाजूला व्हायचं. कुठं बाजूला व्हायचं ते उभं राहायच्या आधीच पाहून ठेवायचं. तिथं नाली आहे की कठडा आहे की बर्फाचा ढीग आहे, हे गाडी अंगावर आल्यावर पाहत नसतात. आणि बंब तुम्ही रस्त्यावर तिरपा उभा करता ना, त्याच्या आडोशाला राहा, पण दोन गाड्यांच्या मधल्या फटीत कधीच उभा राहू नको.

अजून एक. तू इथं वाढला, आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून रस्त्यावर पाय टाकताना तुझी मान आधी उजवीकडे जाते. तिथं पहिली गाडी डावीकडून येते. तू म्हणशील आई मला इतकी वर्षं झाली, इथं गाडी चालवतो, सवय झाली. मान्य आहे. पण घाबरलेल्या वेळी शरीर लहानपणचंच करते हे मी लोकांमध्ये पाहिलं आहे. म्हणून बंबातून किंवा तुझ्या गाडीतून उतरताना दोन्हीकडे पाह्य, दरवेळी, मुद्दाम.

थंडीचं मला इथं बसून समजत नाही, आम्हाला मे महिन्यात ४५ डिग्रीत डांबर बुटाला चिकटायचं एवढंच माहीत. पण आग विझवताना सांडलेलं पाणी तिथं रस्त्यावर गोठते असं तू म्हणाला, म्हणजे तू जिथं गाड्या थांबवून राहिला तिथंच त्यांचे ब्रेक लागणार नाहीत. तर हिवाळ्यात कोन आणखी मागे न्या, तुमच्या कॅप्टनला विचारून. आणि ते चमकणारं जॅकेट, जे कशात अडकलं तर ओढल्याबरोबर सुटून येते, ते मोठ्या कोटाच्या आत नाही, वर घालायचं.

गाड्यांचं झालं. माणसांचं मला जास्त सांगायचं आहे, कारण गाडी थांबवणं शिकवता येते पण माणूस थांबवणं कोणी शिकवत नाही.

इतवारीच्या एका गल्लीत कपड्याच्या दुकानाला आग लागली होती. गल्ली तुला माहीतच आहे, दोन्हीकडे टू-व्हीलर लावलेल्या, बंब आत जाईना. आम्ही नि तिथल्या हमालांनी मिळून एकेक गाडी उचलून बाजूला केली तेव्हा कुठं रस्ता झाला. मग बघे आले, मोबाइल काढले, काहींनी पाण्याच्या पाइपावरूनच स्कूटर घातली. त्यांना हटवायला आवाज पुरतो. पण दुकानाचा मालक आला ना, तो माणूस आत जायला निघाला, गल्ल्याची पेटी आत होती, वह्या आत होत्या. त्याला आवाजाने काही होत नव्हतं, त्याला आवाज ऐकूच येत नव्हता. मी त्याचा हात धरला, ढकललं नाही, आणि विचारलं की भाऊ, आत माणूस कोण आहे, नावं सांगा. तो थांबला. एकेक नाव घेऊ लागला, हा जेवायला गेला, तो बँकेत गेला, आणि मागच्या गोदामात एक पोरगा असू शकतो. हे मी लगेच बंबवाल्या साहेबांना सांगितलं. पोरगा मागच्या जिन्याने आधीच निघालेला होता, देवाची कृपा, पण तेवढ्या वेळात त्या मालकाचे पाय जमिनीवर आले होते आणि तो माझ्याजवळच उभा राहिला.

तुझ्या त्या कोनच्या रांगेपाशी असेच कोणी येईल. रस्ता बंद पाहून चिडणारे येतील, त्यांना शांतपणे दुसरा रस्ता सांग नि पुढे पाठव, वाद घालायचा नाही, वाद घालताना तुझी नजर रस्त्यावरून हटते. पण एखादी बाई येईल जिच्या पोराची गाडी पुढे चेपलेली पडली आहे. तिला जाऊ देता येणार नाही आणि नुसतं नाही म्हणूनही चालणार नाही. तिला रस्त्यातून बाजूला घे, तिचं नाव विचार, पोराचं नाव विचार, वायरलेसवर तिच्यासमोर सांग की आई इथं आल्या आहेत, कोणाला तरी पाठवा. खोटं कधी बोलू नको, सगळं ठीक आहे असं म्हणू नको, तुला माहीत नसते. मी येतो, पाहतो, असंही म्हणू नको, तू जागा सोडू शकत नाही. जे खरंच होणार आहे तेवढंच बोल.

गर्दी दूर ठेवणं म्हणजे काय ते एप्रिलच्या १४ तारखेला आठवत जा. आपल्याला त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, माझी ड्युटी संविधान चौकात असायची, आणि सकाळी बंबवाल्या स्टेशनांवर त्यांच्या गेलेल्या माणसांच्या स्मरणाचा कार्यक्रम असायचा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली, आत कापसाच्या गाठी नि दारूगोळा. विझवणारे चढले, आणि जहाज फुटलं. फायर ब्रिगेडचे ६६ जण गेले आणि गोदीतली, आसपासची शेकडो माणसं. अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा स्फोट झाला. जळणाऱ्या गाडीत, टँकरमध्ये काय भरलं आहे हे समजेपर्यंत लोकांना लांबच ठेवायचं असते, ते लोक तुला शिव्या देत असले तरी.

आता बाबांचं. ते म्हणतात पगार नाही मग रात्री दोनला उठून कशाला जायचं. त्यांना तुझी काळजी आहे, ते काळजी अशीच बोलतात. मी त्यांना म्हणाली की आपण राहतो कुठं ते तर पाहा, देशातलं नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज नागपुरात, १९५६ ला रामपूरला सुरू झालं नि दुसऱ्याच वर्षी इथं आलं, सिव्हिल डिफेन्सचं राष्ट्रीय कॉलेज पण १९५७ ला नागपुरातच सुरू झालं, आणि सिव्हिल डिफेन्स चालतेच मुळी आपली नोकरी सांभाळून येणाऱ्या लोकांवर. माझ्यासोबत बंदोबस्ताला होमगार्डची पोट्टे-पोट्टी असायची, दिवसा दुकानात काम करून यायची, त्यांच्याशिवाय दीक्षाभूमीची गर्दी आमच्याने सांभाळलीच गेली नसती. आणि तुझ्या तिकडे तर अर्ध्याहून जास्त आग विझवणारे असे बिनपगारीच आहेत, फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ ला शेजारपाजारचे लोक जमवून अशीच आग विझवणारी तुकडी काढली होती. तू त्या गावात राहतो, तिथं तुझं घर आहे, तिथल्या आगीला धावणं तुझं काम आहेच. बाबा ऐकून गप्प बसले, म्हणजे अर्धे पटले.

पण बाबांचं एक मी तुला त्यांच्या वतीने सांगते. कॉल आला की गाडी पळवू नको. तुझ्या गाडीवरचा तो निळा दिवा दुसऱ्याने रस्ता द्यावा अशी विनंती आहे, त्याने तुला सिग्नल तोडायचा हक्क मिळत नाही, हे तूच सांगितलं होतं. आणि रात्री ऑफिसचं काम करून डोळे मिटत असतील तर त्या दिवशी जाऊ नको, दुसऱ्याला सांग. झोपाळू माणूस रस्त्यावर उभा असण्यापेक्षा नसलेला बरा. निघताना सूनबाईला उठवून सांगत जा.

सगळ्यात शेवटी रस्ता उघडायची वेळ येते, तेव्हा जास्त सांभाळ. आग विझलेली असते, सगळे थकलेले असतात, हसणं-बोलणं चालू होते आणि लक्ष जाते. गाडीवाल्यांनाही वाटते आता सुटलो, ते पण घाई करतात. कोन लावले त्याच्या उलट्या क्रमाने उचलायचे, अपघातापासचा आधी, आणि दूर मागचा बोर्ड सगळ्यात शेवटी, म्हणजे उचलणाऱ्याच्या मागे शेवटपर्यंत इशारा राहते. उचलताना पण तोंड गाड्यांकडेच. तुमच्याकडे हा क्रम कसा आहे, रस्ता उघडा असं कोण सांगते, वायरलेसवर सांगते की येऊन सांगते, आणि रात्री तुझ्यासोबत दुसरं कोणी असते की तू एकटाच उभा राहतो, हे मला रविवारी सांग. बाबांना फोन नंतर देईन.

तुझी,
आई